देवरे सरांचा व्हेल आणि काकूंची म्हैस

देवपुरातल्या आमच्या शाळेत जीवशास्त्राचे देवरे सर काहीही शिकवायला लागले की वर्गात म्हैस यायचीच. पचनसंस्था असो, रक्ताभिसरण असो, म्हैस ठरलेली. मी गणिताचा नवा मास्तर, त्यांच्या शेजारीच खोली घेऊन राहिलेला. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, तर सरांनी मैदानात पाच पोरं एकाच्या डोक्याला दुसऱ्याचे पाय लावून ओळीत आडवी केली होती. मला हाक मारली, "गणित, इकडे या. व्हेलचं पिल्लू जन्मतं तेव्हाच एवढं असतं. आणि मासा म्हणाल तर मार खाल. ती म्हैसच आहे, पोहायला गेलेली." समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या पांझरा नदीच्या पुरावरच भागवायचे.

सांगायचे मात्र असं, की मागच्या बाकावरची पोरंही पेंगायची थांबत. पिल्लू शेपटीकडून बाहेर येतं. आई ढुशी देत त्याला पाण्यावर नेते, तेव्हा त्याचा पहिला श्वास. दूध खव्याच्या वाटेवरचं, दाट. आणि ते पाजताना आई स्वतः कित्येक महिने जवळजवळ उपाशी. मग शिकारी यायचे. सर म्हणायचे, "लबाड लोक. भाला आधी पिल्लाला मारायचे. का? आई पिल्लाला टाकून पळत नाही, आयती सापडते. असं करत करत समुद्रच्या समुद्र रिकामे केले."

एका हिवाळ्यात सरांच्याच म्हशीचं पारडू मेलं आणि तिनं पान्हा चोरला, दूधच देईना. आमच्याकडे यावर सोपा उपाय असतो. मेलेल्या पारडूच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे ठेवायचं; ती चाटते, दूध सोडते. शेजारच्या गवळ्यानं तसं करून आणलंसुद्धा. सर आडवे आले. "आईला पिल्लू दाखवून लुटायचं? मग त्या शिकाऱ्यांत नि आपल्यात फरक काय?"

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अहिराणीशिवाय भांडत नसत. "तुमना व्हेल शाळामा ठेवा. घरमा चहाले दूध लागस. नई तं म्हैस बाजारमा धाडा." आटलेली म्हैस बाजारातून कुठे जाते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सर म्हशीची मनधरणी करू लागले. पेंड चारली, पाठ खाजवली, मला वाटतं धडाही वाचून दाखवला असेल. एक थेंब नाही.

शेवटी सर शाळेत असताना काकूंनी ते भुशाचं पारडू पुढे ठेवलंच. संध्याकाळी आम्ही दोघं परतलो, तर म्हैस चाटत होती आणि बादलीत धार वाजत होती. सर म्हणाले, "फसवलंस तिला."

"ती काय येडी शे?" काकू धार काढता काढताच म्हणाल्या. "तिले बठ्ठं समजस. पारडू मरेल शे, हाई बी समजस. तरी चाटस. माय शे ना."

भांडण काकूंनी जिंकलं होतं. पण आपलंच बोलणं कानावर पडलं आणि त्यांचा हात थांबला. म्हैस चाटतच होती. काकूंनी अर्धी बादली बाजूला सारली, पारडू उचललं आणि गवळ्याच्या दारात नेऊन ठेवलं. परत आल्या त्या सरांवर डाफरतच, "आते बाजारनं नाव काढशात तं याद राखा."

बाजाराचं नाव सरांनी काढलंच कुठे होतं? पण ते मुकाट बसून राहिले आणि कोरा चहा प्याले. पुन्हा व्याईपर्यंत ती म्हैस फुकट खात राहिली.

पुढे काही वर्षांनी सर वारले, तेव्हा काकूंना भेटायला गेलो. म्हणाल्या, "त्या माणूसनी जलमभर मन्हासंगे वाद घाला. जिकना एकदाच. तो बी गप बशीसन."