पडद्यावरचं चौथं नाव

अन्याय झाला माझ्या थोरल्या बहिणीवर. झाला परभणीत, स्टेशनाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात, विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी मशीन चालू केल्या केल्या. केला क्लासच्या मालकानं. मारहाण झाली नाही, घर जळालं नाही, म्हणून फिर्याद द्यायचीही सोय नाही. पडद्यावर चार नावं होती. त्यातलं एक पुसलं. ते अक्काचं होतं.

आम्ही पूर्णेचे, रेल्वेच्या क्वार्टरातले. बाबा गँगमन. अक्का घरातली पहिली ग्रॅज्युएट. सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला जायची, क्लासात शिकवायची, संध्याकाळी परत. मी नामांतराच्या आंदोलनातला. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइल फिरवायचं, चौकात उभं राहून पत्रकं वाटायची. कॉलेज नावाला. अक्का म्हणायची, "तुझ्या सदऱ्याला शाईचा वास अन् तोंडाला घोषणांचा."

पुण्याला शिकणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं एकदा फ्लॉप्यांचा गठ्ठा पाठवला. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या तिघांनी लिहिलेला डेटाबेसचा प्रोग्रॅम. माहितीचे तक्ते भरून ठेवा, काय पाहिजे ते विचारा, तेवढंच शोधून पुढं ठेवतो. असले प्रोग्रॅम दुकानात मिळतात, पण आत काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही. ह्याचा सगळा सोर्स, म्हणजे आतलं लिखाण, मोकळा. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच: वर ज्यांची नावं आहेत ती काढायची नाहीत.

मी म्हटलं, "अक्का, हे तर पत्रकच झालं. वाचा अन् पुढं द्या, खाली छापणाऱ्याचं नाव."

"तुमच्या पत्रकातली चूक वाचणारा दुरुस्त करतो का? हितं करतेत."

पण तो चालायचा युनिक्सवर, मोठ्या मशीनवर. आपल्या जिल्ह्यात जिथं म्हणून कॉम्प्युटर होता तिथं छोटं मशीन आणि त्यावर डॉस. तिकडं ह्या प्रोग्रॅमचे चार तुकडे एका वेळी चालतात आणि एकमेकांशी बोलतात. डॉस एका वेळी एकच काम करतो, दुसरं सांगितलं की गप. अक्कानं ते चार तुकडे उसवले आणि एकात शिवले. फाइलींची लांबलचक नावं छाटून डॉसच्या मापात बसवली. हे सगळं क्लास उघडायच्या आधी, सकाळी, कारण दुपारी वीज जायची आणि गेली की केलेलं बुडायचं. पावसाळा गेला, दुसरा आला. एका सकाळी तो चालला. तिनं वरच्या तीन विलायती नावांखाली चौथी ओळ घातली: डॉसवर आणणारी, तिचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, पूर्णा, जिल्हा परभणी. प्रोग्रॅम उघडला की आधी त्या चार ओळी दिसायच्या. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी आपलं नाव कुठंय तेवढं विचारलं आणि काचेला बोट लावलं.

मग लोक यायला लागले. कोरी फ्लॉपी आणा, प्रत न्या, एवढंच तिचं म्हणणं. कॉलेजातले मास्तर आले, एक डॉक्टर आला. ज्याला दिली तो आणखी दोघांना द्यायचा. वालूरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल बसनं आले. त्यांच्याकडं कुणीतरी देणगी दिलेलं मशीन होतं, त्यावर आजवर फक्त झाकण होतं. पंधरा दिवसांनी ते परत आले.

"म्याडम, कोणतं पुस्तक कुणाकडं हाय ते बरोबर सांगतंय. पण ज्याच्याकडं हाय तो परत देतच न्हाई, त्याचं काय बटन हाय का?"

अख्खा क्लास हसला. मालकही हसला. तोवर तो खूश होता, गर्दी त्याच्या दारात होत होती.

आपल्याकडं माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि पाणी कोणत्या भांड्यात द्यायचं ते त्यावर ठरतं. आता ते पडद्यावरही सुरू झालं. शहरातल्या एका संस्थेला प्रोग्रॅम घ्यायचा होता, मालकाकडून, विकत, शिकवायला माणसासकट. त्यांच्या अध्यक्षांनी पडदा पाहिला आणि चौथ्या ओळीवर थांबले. नामविस्ताराचे दिवस. शहर दबक्या आवाजात बोलत होतं. आम्ही क्वार्टरात पेढे वाटत होतो, आणि त्याच दिवसांत मालकानं ती ओळ काढून नव्या प्रती केल्या.

सोमवारी अक्कानं मशीन लावलं. तीन नावं. तिला वाटलं फ्लॉपी जुनी असेल. दुसरी घातली. तीन नावं.

मंगळवारी मी तिच्याबरोबर गेलो. मालकानं चहा सांगितला.

"ताई, मी जात मानत नाही. गिऱ्हाईक मानतं."

मी विचारलं, "मग ती तीन नावं कशी राहिली?"

"अरे बाबा, त्यांच्यानं माल विलायती वाटतो." मग अक्काकडं वळून, "एक करू. तुमचं नुसतं नाव ठेवू. आडनाव नको, गाव नको. विद्यापीठानं नाही का मधला मार्ग काढला?"

अक्का म्हणाली, "विद्यापीठाचं नाव लांब झालं. माझं तुमी कापायलाव."

चहा तसाच राहिला. तिनं टेबलाची किल्ली काढून ठेवली आणि उठली. सोर्सच्या फ्लॉप्या क्लासच्या कपाटात होत्या, त्या त्यानं दिल्या नाहीत. घरी एक संच होता. त्यातल्या दोन फ्लॉप्या बुरशीनं गेल्या, वाचल्याच जाईनात, आणि उरलेल्यांवरून प्रोग्रॅम पुन्हा उभा राहीना.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "माय, नाव जाऊ दे. नोकरी धरून ऱ्हा." मला त्यांचा राग आला. आता वाटतं, जन्मभर हजेरीच्या वेळी मुकादमाकडून जे ऐकलं तेच ते बोलत होते.

मी पत्रक लिहिलं. तिचं नाव मोठ्या अक्षरात, वर. स्टेन्सिल कापून तयार. तिनं ते वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

"ह्याच्यावर माझं नाव नको. मी काम केलं त्याच्यावर पायजे. पत्रकातली बाई व्हायची न्हाई मला."

म्हणून इथंही तिचं नाव नाही. कुणी विचारू नये.

मग मी वालूरला गेलो. जुनी प्रत तिथं असणार, तिच्या हातची, सोर्ससकट. ग्रंथपालांनी प्रेमानं बसवलं, मशीन लावलं. तीन नावं. परभणीहून नवी प्रत आली होती, छान लेबल लावलेली.

"अन् जुनी फ्लॉपी?"

"ती? कोरी करून घेतली. वर्गणीदारांचं टाकायला." माझं तोंड बघून ते गडबडले. "का बरं? प्रोग्रॅम तर तोच हाय की."

तोच आहे. खरं बोलले ते. ते काही वाईट माणूस नव्हेत, आणि तरी परत येताना बसमध्ये मला रडू आलं, खिडकीकडं तोंड करून. मी ज्या नावासाठी लाठी खाल्ली ते विद्यापीठाच्या पाटीवर लागलं, आणि घरातलं नाव असं फ्लॉपीवरून पुसलं गेलं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

अक्का आता पूर्णेत टायपिंग शिकवते. कॉम्प्युटरचं नाव काढत नाही. मुली म्हणतात, बाई लय शांत आहेत. पूर्वी नव्हती.

तिनं दिलेल्या प्रती हातोहात कुठवर गेल्या ते आम्हाला माहीत नाही. सेलू, जिंतूर, नांदेड, कुठंही असतील. तेव्हा तुम्हाला सांगतो, विनंती नाही करत. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, सोसायटीत हा प्रोग्रॅम असेल तर आज उघडा आणि वरची नावं मोजा. तीन निघाली तर ज्यानं दिला त्याला जाऊन चौथं कुठंय ते विचारा, आणि सांगेपर्यंत उठू नका. चार निघाली तर ती फ्लॉपी कोरी करू नका. तिच्या प्रती काढा, जो मागेल त्याला द्या, आणि एक पूर्णेला आणून द्या.