मंदाकाकूंचा दिवा आणि तीस दिवसांची अट

विमा कंपन्यांशी भांडणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच, ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे. मी बर्मिंगहॅमला एका विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात होतो, नकाराची पत्रं लिहायचो! आता रिटायर झालोय आणि तसल्याच पत्रांना उत्तरं लिहून देतो.

मंदाकाकूंचंच घ्या. रिटायर्ड वॉर्ड सिस्टर, एकट्या राहतात. पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेल्या, एक्केचाळीस दिवस राहिल्या. शेवटच्या आठवड्यात इकडे पाइप फुटला, किचनचं सीलिंग खाली! कंपनी म्हणाली, घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं होतं, क्लेम नामंजूर. काकू एडिनबराला, लेकीच्या घरी अडगळीच्या खोलीत. "मला माझ्या घरी जायचंय रे," एवढंच म्हणायच्या. माझं डोकंच फिरलं.

*

काकूंनी कंपनीला फोन लावला. तिथल्या पोरीने होल्डवर ठेवलं आणि चाळीस मिनिटांनी विचारलं, "आर यू स्टिल देअर?"

"वॉर्डात सर्जन माझ्यासाठी थांबायचे, बाळा. आज मी तुझ्यासाठी थांबलेय. बोल!"

*

नुकसानीच्या यादीत काकूंनी लिहिलं, पोह्याचे घरी लाटलेले पापड, दोन डबे. नुकसान तपासायला कंपनीचा असेसर घरी आला, त्यासाठी काकूही एडिनबराहून आल्या होत्या. त्याने रिसीट मागितली. काकूंनी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"ही घ्या!"

*

खरं म्हणजे घर रिकामं नव्हतंच. जाताना काकूंनी किल्ली शेजारच्या कांबळेसरांना दिली होती, रोज देवापुढे दिवा लावायला. सर आमचे पक्के आंबेडकरवादी! तरी रोज सकाळी जायचे, दिवा विझेपर्यंत पेपर वाचत बसायचे, चहा करून प्यायचे. फुटलेला पाइपही त्यांनीच पाहिला, पाणी त्यांनीच बंद केलं.

हे कळवलं, तर कंपनीचं उत्तर, "रिकाम्या घरात उघडी ज्योत लावणं धोकादायक आहे."

"रिकाम्या? मग मी कोण होतो, भूत?" सर भडकले.

*

मी म्हटलं, सर, तुमचं स्टेटमेंट द्या. त्यांनी पहिल्याच ओळीत ठोकून दिलं, "मी बौद्ध आहे, देव मानत नाही." अहो, कोणी विचारलं होतं? मी कपाळावर हात मारला.

*

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ओम्बड्समनकडे जातो म्हटल्यावर कंपनीचा मॅनेजर व्हिडिओ कॉलवर आला. नेमकी तीच ओळ त्याने धरली. "मिस्टर कांबळे, तुम्ही देव मानत नाही. मग रोज दिवा लावायला गेलात, हे आम्ही का मानायचं?"

काकूंचा चेहरा पडला. सरांनी चष्मा काढला.

"देव मी मानत नाहीच. पण काकूंना शब्द दिला होता, म्हणून एक्केचाळीस दिवस गेलो. तुम्ही तर शब्द छापून, सही करून दिलाय. तुम्ही कुठे होतात?"

सोमवारी काकूंच्या दारात कंपनीने सीलिंग दुरुस्तीला पाठवलेला मिस्त्री उभा होता.