बंद खिडक्या आणि आमचे काचवाले

काचवाले आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले ते चुकीच्या माहितीवर. माहिती त्यांच्या मेहुण्याने दिली होती. हा मेहुणा ट्रक चालवायचा आणि अधूनमधून छावणीत सामान पोचवायला आमच्या शहरात यायचा. "दाजी, तिथे सारख्या तोफा वाजतात. तोफा वाजल्या की काचा फुटतात. आता काचा फुटल्या की माणूस कोणाला हाक मारतो, सांगा," असं त्याने विचारलं, आणि दाजींनी सामान बांधायला घेतलं.

मेहुण्याचं अर्धं बरोबर होतं. आमचं शहर खोलगट जागी आहे. वर माळावर तोफखान्याची छावणी आणि तिच्या पलीकडे सरावाचं मैदान. आमचे हे छावणीच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते, म्हणून मी लग्न होऊन इथे आले आणि इथलीच झाले. तोफा वाजायच्या, जमीनही हलायची. काचा मात्र फुटत नव्हत्या. सरावाच्या दिवशी सकाळीच टेकडीवर लाल बावटा चढायचा. तो शहरातून कुठूनही दिसायचा, आणि दिसला की घरोघर खिडक्या सताड उघडून त्यांना आकडे लावले जायचे. उघड्या खिडकीतून धक्का निघून जातो, बंद खिडकीवर तो आदळतो. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. थंडीच्या दिवसांत आम्ही शाली गुंडाळून वाऱ्यात जेवायला बसायचो, पण खिडकी लावायचो नाही. एवढ्या मोठ्या शहरात काचेचं एकही दुकान का नाही, हे मेहुण्याने कधी कोणाला विचारलं नाही.

काचवाले अंगाने काटकुळे, आणि बोटांना कायम कुठे ना कुठे चिंधी बांधलेली. समोरच्याशी बोलताना त्यांची नजर त्याच्या मागच्या खिडकीवर असायची. पहिल्या भेटीत ते माझ्याशी बोलत होते, पण पाहत होते आमच्या दिवाणखान्याच्या तावदानांकडे. "काकू, किती वर्षांची काच आहे ही? एकदाही बदललेली नाही?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने नाही म्हटलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

त्यांची बायको कमी बोलायची आणि नेमकं बोलायची. मुलीचा आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत, आणि बायको आपोआप चिमणीची आई झाली. सामान वर चढवताना मी तिला विचारलं, "आवडलं का घर?"

"घर आवडून काय करायचं काकू. ह्यांना शहरं आवडतात," ती म्हणाली.

मग तिने थोडक्यात सांगितलं. आधी एका शहरात मोठं काचेचं हॉटेल बांधणार होते म्हणून गेले. हॉटेलचा पाया खणून झाला आणि खड्ड्यात पाणी साठलं, तेवढंच. मग दुसरीकडे फोटोंना चौकटी करायचं दुकान काढलं. तिथल्या लोकांनी फोटो काढले, पण भिंतीवर लावले नाहीत. प्रत्येक वेळी चिमणीची शाळा बदलली, प्रत्येक वेळी चार चांगल्या कपबश्या फुटल्या. "ह्या वेळी मी ह्यांना सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "ह्यापुढचं सामान मी बांधणार नाही. तुम्ही खुशाल जा जिथे जायचं तिथे. मी चिमणीला घेऊन माहेरी जाईन आणि तिथेच राहीन." आवाज चढवला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणून तर मला ते खरं वाटलं.

आठवडाभरात बावटा चढला. सकाळी सगळी गल्ली खिडक्या उघडायला लागली. थंडी बोचरी होती. चिमणीच्या आईने वरून हे पाहिलं आणि तिला वाटलं, काय विचित्र माणसं आहेत. तिला सांगायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, कारण इथे ती सांगायची गोष्टच नव्हती. पहिली तोफ वाजली तशी ती घाबरून धावली, पटापट सगळ्या खिडक्या लावल्या, कड्या घातल्या आणि मुलीला कुशीत घेऊन भिंतीशी बसली. दुसऱ्या तोफेला वरच्या मजल्यावरची तावदानं खळकन खाली आली. अख्ख्या शहरात त्या दिवशी काचा फुटल्या त्या एकाच घराच्या.

गल्लीला हसायला एवढं पुरलं. बाजारातला शिंपी खालून जाता जाता ओरडला, "काचवाले, बोहनी झाली म्हणायची."

"झाली की," काचवाले वरून म्हणाले, "पण गिऱ्हाईक उधारीवालं निघालं." आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले. मग हिरकणीने काच कापत बसले. काच कापायच्या त्या अवजाराचं हे नाव मला त्यांच्याकडूनच कळलं. हसत होते खरे, पण संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काकू, म्हणजे इथे खरंच कोणाच्या काचा फुटत नाहीत?"

"नाही हो," मी म्हटलं. मला उगाचच अपराधी वाटलं.

त्यानंतरचे महिने त्यांनी कसेबसे काढले. न्हाव्याला आरसा बसवून दिला, शाळेच्या कपाटाचं एक दार केलं. मेहुणा आला की चिमणीची आई भावाला चहा द्यायची आणि विचारायची, "अजून कुठे काही फुटतंय का रे? सांगून ठेव, तुझे दाजी तयारच आहेत." मेहुणा खाली मान घालून चहा प्यायचा. चिमणीला इथे मैत्रिणी मिळाल्या होत्या, पाढे पाठ व्हायला लागले होते. काचवाल्यांनी मात्र दुसऱ्या एका शहराची चौकशी सुरू केली होती. बायकोला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. तिने एक दिवस मला माहेरच्या गाडीची वेळ विचारली, आणि मी सांगताना मुद्दाम घोळ घातला.

मग तो धुक्याचा दिवस आला. माझ्या डायरीत त्या दिवसाची सुरुवात "धुकं दाट, दूध उशिरा" अशी आहे. टेकडीच दिसत नव्हती तर बावटा कुठला दिसायला. धुक्यात सराव होत नाही अशी सगळ्यांची समजूत, म्हणून शहर खिडक्या घट्ट लावून शेगड्या पेटवून बसलं होतं. मी जिन्याखाली तांदूळ निवडत होते. काचवाले मेहुण्याच्या ओळखीने छावणीच्या फाटकावर गेले होते. पहारेकऱ्याच्या खोलीचं एक तावदान तडकलं होतं, ते बदलायला.

ते परत आले ते सायकल दामटत. धापा टाकत जिना चढले आणि अर्ध्यावरच पायरीवर बसले. चिमणीची आई वरून चार पायऱ्या उतरली.

"काय झालं?"

"वर धुकं नाही," ते म्हणाले. "वर लख्ख ऊन आहे. धुकं आपल्या खड्ड्यात साठलंय. बावटा चढलाय. नव्या मोठ्या तोफा आल्यात म्हणे, जेवणानंतर सुरू करणार. पहारेकरी सांगत होता."

ते पुढे म्हणाले, "सगळं शहर बंद करून बसलंय. कळतंय का तुला? एका दुपारीत वर्षाचं काम. आपल्याला कुठे जायला नको. चिमणीची शाळा नको बदलायला. मी काही करायचंही नाही. नुसतं गप्प बसायचं. एवढं जमेल ना मला?"

माझं तांदूळ निवडणं तिथेच थांबलं. मी खाली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तिने काय उत्तर द्यावं हे मला ठरवता येत नव्हतं. तिने हो म्हटलं असतं तरी मी तिला नावं ठेवली नसती.

"जमलं असतं," ती म्हणाली. "पण गप्प बसायचं होतं तर इतकी दामटत आलात कशाला? सावकाश आला असतात."

ते पायरीवरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"उठा," ती म्हणाली. "बाजार तुम्ही घ्या. शाळेकडची बाजू मी बघते. पाणी पिऊन जा आधी." मग जिन्याखाली वाकून म्हणाली, "काकू, तुम्ही ऐकलंच असेल. आपल्या गल्लीत तुम्ही सांगा."

खिडकीतून ओरडणाऱ्या मुली वाया जातात, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या. त्या दिवशी मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत गेले. आमच्या गल्लीत सगळ्यांनी ऐकलं, कारण मी ओरडते आहे याचंच त्यांना नवल वाटलं. शाळेकडच्या बायकांनीही ऐकलं. चिमणीची आई उगीच बोलत नाही, हे तोवर त्यांना कळलं होतं.

बाजारात मात्र निराळंच घडलं. काचवाले दुकानादुकानात शिरून सांगत होते, "खिडक्या उघडा, आज तोफा आहेत," आणि औषधाच्या दुकानाचे मालक गल्ल्यावर बसून विचार करत होते.

"धुक्यात कसल्या तोफा?" ते म्हणाले. "आणि तुम्ही का सांगताय? काचा फुटल्या तर फायदा कोणाचा?"

"माझा."

"मग तुम्ही उघडा म्हणताय त्याअर्थी काहीतरी भानगड आहे."

"भानगड कसली साहेब? बंद ठेवलीत तर फुटतील."

"बघा," मालक शिंप्याला म्हणाले. शिंपी तिथे खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. "स्वतःच्या पोटावर पाय देऊन कोण सल्ला देतं? त्याला आपल्या खिडक्या उघड्याच हव्यात. का, ते कळत नाही, पण हव्यात." शिंप्याला हे पटलं. तो परत दुकानात गेला आणि आधी नुसत्या लोटलेल्या खिडक्यांना त्याने कड्याही घातल्या. बाजारात हे पसरलं, आणि निम्म्या दुकानांनी खिडक्या उघडल्या, निम्म्यांनी विचार करून लावून घेतल्या.

जेवणं झाल्यावर तोफा सुरू झाल्या. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. पहिल्याच धक्क्याला बाजाराकडून खळखळाट आला आणि बराच वेळ येत राहिला. काचवाले आमच्या अंगणात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. "शिंपी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "औषधवाले. ती मोठी काच होती, जाड."

संध्याकाळी औषधवाले स्वतः आले. जिन्याखाली उभे राहून त्यांनी घसा साफ केला. "मी विचार जरा जास्तच केला," ते म्हणाले.

चिमणीची आई वरून म्हणाली, "असू द्या. आमच्याकडे कोणी करतच नाही, तुम्ही आमच्याही वाटणीचा केलात." औषधवाले आधी बावरले, मग हसले. काचवाले दुसऱ्या दिवशी पहाटेच कामाला लागले.

हे काम महिना-दीड महिन्याचं होतं, आणि ते संपलं की पुन्हा पहिले दिवस, हे तिघांनाही ठाऊक होतं. चिमणीलासुद्धा. पण काचवाल्यांना एक खोड होती. शिंप्याकडे फुटकी तावदानं बसवून झाल्यावर त्यांनी बाकीची हलवून पाहिली. सगळी खिळखिळी. काच पक्की बसावी म्हणून चौकटीत जी लांबी भरतात, ती वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सुकून गळून गेली होती. काच फुटत नव्हती, पण वाजायची. सगळं शहर वाजायचं, आणि आम्ही त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायला शिकलो होतो. शिंप्याने सांगितलं नव्हतं, तरी काचवाल्यांनी सगळी लांबी खरवडून नवी भरली. त्यांना ती तावदानं तशी सोडवेनात.

पुढच्या बावट्याला शिंपी दुकानात खिडक्या उघडून बसला होता. तोफ वाजली आणि नंतर काहीच वाजलं नाही. त्याला वाटलं आपले कान गेले. त्याने बायकोला हाक मारली, ती म्हणाली, "ओरडता कशाला, इथेच तर आहे मी." मग त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं आणि पाच-सहा माणसं दुकानात उभी राहून पुढच्या तोफेची वाट बघत राहिली. त्या आठवड्यात आमच्या दाराशी एवढी माणसं आली की चिमणी जिन्यात बसून त्यांना नंबर द्यायला लागली. आमच्या घराची पाळी बऱ्याच उशिरा आली, घरचं गिऱ्हाईक म्हणून.

लांबी सुकते, हादरे थांबत नाहीत. एका टोकापासून सुरुवात करून शहर संपेपर्यंत पहिलं टोक पुन्हा खिळखिळं झालेलं असायचं. काचवाल्यांनी दुसऱ्या शहराची चौकशी कधी सोडली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

एका दुपारी चिमणीची आई खाली आली आणि दारात उभी राहिली. "काकू, वर स्वयंपाकघरात दारावर एक माळा करून घेतला तर चालेल का? सुताराशी बोलून ठेवलंय."

"सुताराशी आधी बोललीस आणि मला नंतर विचारतेस?"

"तुम्ही नाही म्हणणार नव्हतात."

रात्री जेवताना मी यांना सांगितलं. यांचा घास हातातच राहिला. "अगं, भाडेकरूने माळा घातला की संपलं. तो मग जन्मात हलत नाही."

"हो," मी म्हटलं, "तेच तर."

यांनी भाजी मागितली, आणि रविवारी सुतार आला तेव्हा शिडी धरायला स्वतः वर गेले. मीही गेले. काचवाले शिडीच्या वरच्या पायरीवर चढून फळ्या ठोकून बघत होते, आणि त्यांची नजर अर्थातच पलीकडच्या झरोक्याच्या काचेवर होती.

"एवढा मोठा माळा," त्यांनी वरून विचारलं, "ह्यात ठेवायचं काय? आपल्याकडे आहे काय एवढं?"

चिमणीची आई पोळ्या लाटत होती. तिने वर बघितलंही नाही.

"तुम्ही होऊ द्या आधी," ती म्हणाली. "साठेल हळूहळू."