तपासून घेतलेलं

बेलवलीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशी कोणतीही वस्तू उलटसुलट करून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. कोथिंबिरीची जुडी सोडून बघतात, काडेपेटी कानाशी हलवतात. भाजीवाला वैतागतो. "मावशी, बॉम्ब नाय त्यात."

"बघितल्याशिवाय कसं कळणार?"

ही सवय वडिलांची. एकाहत्तरच्या युद्धात ते अंबरनाथच्या कारखान्यात सैन्यासाठी बनणारी काडतुसं तपासायचे. एवढं त्या सांगतात, पुढे काही नाही.

यंदाच्या प्रजासत्ताक दिनी झेंडा सैनिकाच्या घरच्यांनी फडकवावा, असं कमिटीने ठरवलं आणि मान मावशींना दिला. तो का दिला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी लेकीला पुण्याहून बोलावून घेतलं.

सकाळी मावशींनी दोरी हातात घेतली, तेव्हा सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "यांचे वडील सीमेवर लढले."

मावशी थांबल्या. "नाही हो. ते काडतुसं तपासायचे."

"चालतंय ना मावशी, तीपण देशसेवाच."

"देशसेवाच. पण लढायला गेलेला परत येईल की नाही, हे घरच्यांना ठाऊक नसायचं. आमचे बाबा रोज सायकलवरून घरी जेवायला यायचे."

त्यांनी दोरी सेक्रेटरींच्या हातात दिली आणि लेकीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

झेंडा पहिल्याच झटक्यात उलगडला. आदल्या संध्याकाळी त्याची गाठ मावशींनी स्वतः तपासून घेतली होती.