रिकाम्या जीपचे पाटे

नगर जिल्ह्यात रिकामी जीप कुणी पाहिली नव्हती. अकोले तालुक्यातल्या जीपमध्ये बावीस माणसं बसत. ड्रायव्हर अर्धा बाहेर. गिअर टाकायचा तर शेजारच्याला आधी गुडघा उचलायला सांगावं लागे. कोपरगावच्या उसाच्या ट्रॉल्यांची तीच तऱ्हा. या सगळ्या ओझ्याखाली पोलादाच्या कमानदार पट्ट्या असतात, एकीखाली एक रचलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. आणि नगरात पाटे म्हटले की रंभाजीमामा.

मामांचं पत्र्याचं शेड औरंगाबाद रस्त्याला होतं. तीस वर्षं गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येई, "मामा, आनखी एक पाटा घाला." मामा घालत. ते पाटा चिमट्यात धरत आणि त्यांची बायको लंकाबाई घण मारत. लोहाराच्या घरात घण बाईच्या हातात असतो. नव्या माणसाला हे ठाऊक नसे. तो तोंड उघडं टाकून बघत राही. लंकाबाई म्हणत, "बघतुस काय? पाट्यावरच मारतीय, तुज्या डोक्यात न्हाई." लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत त्यांचा एक घाव चुकला नव्हता आणि मामांच्या हातचा एक पाटा परत आला नव्हता. गिऱ्हाईक निघालं की मामा सांगत, "तक्रार आली तर शेड इकून टाकीन."

शहाण्णव सालच्या डिसेंबरात सावेडीची प्रज्ञा साळवे जीप घेऊन आली. ती शाळेत खेळ शिकवायची. जीप जुनी, लष्कराच्या लिलावातली, तिच्या वडिलांनी घेतलेली.

"मामा, नाशिकला ऑटोक्रॉस आहे. शर्यत. त्यासाठी पाटे करून द्या."

"कशाची शर्यत?"

प्रज्ञाने सांगितलं. खडबडीत मैदान. उंचवटे, खड्डे, चुन्याच्या रेघांमधली वळणं. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. गेल्या वर्षी तिसऱ्याच उंचवट्यावर तिच्या जीपचा मागचा पाटा मोडला होता. दोर बांधून गाडी ओढत बाहेर काढली. सगळं मैदान हसलं.

"या वर्षी नंबर नाही आला तरी चालेल," ती म्हणाली. "पण गाडी शेवटच्या रेघेपलीकडे मीच नेणार."

"नेशील की. मोडला तर शेड इकीन. बसनार किती?"

"मी एकटी."

"एकटी! आन् मागं?"

"मागे कुणी नाही."

मामांनी लंकाबाईंकडे पाहिलं. लंकाबाईंनी जीपच्या मागच्या बाकांकडे पाहिलं. पोर काहीतरी लपवते आहे, असं दोघांच्याही तोंडावर होतं.

"बरं," मामा म्हणाले. "एकटी तर एकटी."

प्रत्येक चाकावर आठ पाटे होते. मामांनी दहा केले. एक, मोडू नये म्हणून. आणि एक, माणूस म्हणतं तसं पण ऐन वेळी चार जण चढतातच, म्हणून.

मग ट्रायल. पाटे बसवले की नारळ फोडायचा, आजूबाजूच्या दुकानांतली सगळी माणसं गाडीत भरायची आणि फेरी मारायची, ही त्या रस्त्याची रीत. ओझ्याशिवाय पाट्याची पारख व्हायची कशी? पंक्चरवाला मच्छिंद्र चढला. चहावाली कडूबाई हातात भरलेला ग्लास घेऊन चढली. तेरा जण झाले. प्रज्ञाने जीप चांदबिबीच्या महालाच्या चढाला घातली. खड्ड्यांवरून गाडी पाळण्यासारखी गेली.

"मामा, च्या सांडला न्हाई," कडूबाई म्हणाली.

मामांनी मिशीवरून हात फिरवला.

नाशिकला दोघंही गेले. मामांनी शब्द दिला होता, तो खरा होताना बघायचा होता. लंकाबाईंच्या पिशवीत भाकरी होती, ठेचा होता आणि तळाला घण होता.

"घन कशाला गं?"

"तुमी हाय म्हून."

शर्यत रविवारी होती. शनिवारी सकाळी सराव. प्रज्ञा एकटी बसली, पट्टा आवळला आणि निघाली. पहिल्या उंचवट्यावर जीप बेडकासारखी उडाली. खाली आली ती पुन्हा उडाली. वळणावर तिने स्टिअरिंग पिळलं, पण पुढची चाकं हवेत होती. हवेतल्या चाकानं गाडी कशी वळायची? जीप रेघ तोडून सरळ गवतात गेली. दुसऱ्या फेरीला तेच. प्रज्ञा परत आली. हेल्मेट काढलं. ओठ दाताखाली सापडला होता, रक्त येत होतं.

मामांच्या तोंडून निघून गेलं, "गाडीत खोट न्हाई. हात कच्चा पडला."

प्रज्ञा रुमाल ओठाला लावून उभी राहिली.

शेजारच्या गाडीखालून बन्सी नावाचा मेकॅनिक बाहेर आला. वाकून त्याने जीपखाली पाहिलं आणि हसू लागला. "ताई, हे ट्रकचे पाटे कुणी घातले?"

मामा चार पावलांवर होते. प्रज्ञाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जुने आहेत," ती म्हणाली.

मामांना ते फार लागलं. तिने बोट दाखवलं असतं तर ते भांडले असते. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. ते जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

"चल पोरी. मला घिऊन एक फेरी मार. मैदानाच्या कडंनं, हळूच."

फेरी झाली. मामा उतरले ते दोन्ही हातांनी कंबर धरून.

"टोपी कुटंय?" लंकाबाईंनी विचारलं.

"तिकडं पडली." मामा जीपखाली बघत होते. "लंके, तेरा जनांचं पाटं केलं म्या. एकटीच्या वजनाला त्ये दबतच न्हाईत. पोर म्हनत हुती एकटी. आपन आयकलं न्हाई."

"आपन न्हाई. तुमी."

पाटे काढायला हवे होते. मामांचे हात थांबले. आयुष्यभर त्यांनी पाटा घातला होता, चांगला पाटा कधी काढला नव्हता. आणि कमी पाटे म्हणजे मोडायची भीती. मोडलेल्या पाट्यानंच तर गेल्या वर्षी पोरीची गाडी दोरावर आणली होती.

"प्रज्ञाताई," ते म्हणाले. पोरीवरून ताईवर आले होते. "काढले तर गाडी जमीन धरंल. पर मोडनारच न्हाई, आसं आता सांगत न्हाई म्या."

"काढा," ती म्हणाली. "आणि शेड विकू नका."

दुपारभर काम चाललं. मामांनी एकेक पाटा टांगता धरला, पान्यानं वाजवला आणि कान लावला. चिरलेला पाटा बद्द वाजतो, खणखणीत पाट्याचा नाद लांबतो. ते दोनदोनदा ऐकत होते. प्रत्येक चाकाला सहा ठेवले. पाटे कमी झाले की गाडी खाली बसणार, म्हणून उरलेल्यांना जास्त कमान हवी. बन्सीनं ऐरण म्हणून आपला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणून दिला. मामांनी चिमटा धरला. लंकाबाईंनी पदर खोचला आणि पिशवीतून घण काढला.

पहिला घाव पडला. बन्सीचं तोंड उघडंच राहिलं.

"हिकडंबी तसंच," लंकाबाई म्हणाल्या आणि दुसरा घातला.

उन्हं कलायच्या आत पाटे चढले. मामा सवयीनं वळून माणसं गोळा करायला निघाले. अर्ध्या वाटेत थांबले, परत आले.

"जा ताई," ते म्हणाले. "एकटीच जा."

ती एक फेरी मारून आली. ओठ तसाच सुजलेला होता, पण हसत होती.

रविवारी सुटायला तिची पाळी अकरावी होती. झेंडा पडला. मामा रेघेच्या दोरीपाशी उभे होते, टोपीवाचून, डोक्यावर लंकाबाईंचा रुमाल. पहिला उंचवटा. जीप वर गेली, खाली आली आणि तिथंच राहिली. चाकांनी माती धरली होती. दुसरा. तिसऱ्याला मामांनी डोळे मिटले. त्यांना बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. मोडणाऱ्या पाट्याचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. दणका आला. मागोमाग इंजिनाचा आवाज आला, चढता.

"डोळं उगडा," लंकाबाई म्हणाल्या. "गेली बी."

जीप शेवटच्या वळणावर कलली, सावरली आणि चुन्याची रेघ तुडवून पलीकडे थांबली. सव्वीस गाड्यांत ती सोळावी आली. प्रज्ञा उतरून धावत आली आणि मामांच्या नव्हे, लंकाबाईंच्या गळ्यात पडली.

बन्सी जवळ आला. काल त्याला नीट उत्तर मिळालं नव्हतं. "बाबा, काढले तुम्ही, ते मी पाहिलं. पण ते जास्तीचे घातले होते कुणी?"

मामांनी रुमाल सारखा केला.

"म्याच," ते म्हणाले. "माझा पाटा परत आला काल. पैल्यांदाच."

शेड विकलं नाही. पण गिऱ्हाईकाला शेड विकायचं ते वाक्य मामांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. काढलेले सोळा पाटे शेडच्या कोपऱ्यात रचून ठेवले आहेत. मच्छिंद्र विचारतो, "मामा, चांगलं पोलाद हाय, वापरत का न्हाई?" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. अकोल्याचा जीपवाला आला, आणखी एक पाटा घाला म्हणाला, की आता ते आधी जीपखाली जातात आणि तिथून विचारतात, "रिकामी कवा चालती का रं?"

तो हसतो. मामा उत्तराची वाट बघत पडून राहतात.