आप्पा ठाण्याला मिस्साला आले तो रविवार

आमच्या आप्पांना कॅथलिक लोकांचं काय वावडं होतं, देव जाणे. "रोमन" हा शब्द ते असा उच्चारायचे, की समोरच्याला वाटावं घरात घूस शिरलीय. आम्ही मूळचे नगरकडचे, मिशनवाले, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. आप्पा मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले आणि डोंबिवलीच्या आमच्या मंडळीत पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. आमच्या देवळात (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात) भिंतीवर एक लाकडी क्रूस, कोपऱ्यात बाजाची पेटी आणि तासाभराचं प्रवचन. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, धूप तर नाहीच नाही.

आणि मी बया प्रेमात पडले ती ठाण्याच्या कॅथलिक मुलाच्या! ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायचा. साल शहाऐंशी की सत्त्याऐंशी. आई जाऊन चार वर्षं झालेली, घरात आम्ही दोघंच. आप्पांनी नाही म्हटलं असतं तर मी लग्न केलं नसतं, हे मी त्या मुलाला तोंडावर सांगून टाकलेलं. तो बिचारा म्हणाला, "बरं."

मी आप्पांना सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाले, "एकदा त्यांची उपासना बघतो. मनाला पटली तर हो, नाहीतर नाही. मधलं काही चालणार नाही."

रविवारी सातचा मराठी मिस्सा होता; त्यांच्या उपासनेला मिस्सा म्हणतात. आदल्या दिवशी त्याने मला बजावलं होतं, "कम्युनियनला तुम्ही दोघं उठू नका हां. ती पवित्र भाकर फक्त आमच्या लोकांना देतात. आप्पांना आधी सांगून ठेव." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. कसं सांगणार? जो माणूस तीस वर्षं आमच्याकडच्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक हातात घेऊन बाकाबाकाशी फिरला, त्याला म्हणू, तुम्हाला तिथे भाकर मिळणार नाही?

दाराशीच पहिला घोटाळा झाला. आप्पांनी सवयीने चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले. आमच्या गावाकडे तसंच जातात. इथे सगळे बूट-चपला घालून! मी कुजबुजले, "आप्पा, इथे चालतात." "इथे चालत असतील, मला चालत नाहीत," ते म्हणाले. झालं!

त्याची आई आमची वाट बघत होती. ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरातली बाई, लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं. तिने आप्पांना बाकावर आपल्या शेजारी बसवलं, पलीकडे मी, अलीकडे तिचा मुलगा. लोक उठत होते, बसत होते, गुडघे टेकत होते, आणि आप्पा दर वेळी एक पाऊल मागे. गुडघे काही त्यांनी टेकले नाहीत, ताठ बसून राहिले. पण बायबलचे पाठ वाचले तेव्हा त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. पाठ ओळखीचे होते ना! मला जरा धीर आला.

मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ही तर आमचीच! आप्पांनी वर्गात लावायचा तो आवाज लावला. आता गंमत अशी, की आमच्याकडे ही प्रार्थना देवाच्या राज्याची आणि गौरवाची ओळ म्हणूनच संपते. त्यांच्याकडे लोक त्याआधीच थांबतात, फादर एकटे काहीतरी म्हणतात आणि मग सगळे मिळून ती ओळ म्हणतात. हे मला तरी कुठे ठाऊक! सगळं चर्च गप्प झालं आणि आप्पा एकटेच खणखणीत आवाजात आमेनपर्यंत पोचले. पुढच्या बाकावरची पोरं वळून खुसुखुसु हसली. आप्पांचे कान लाल. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

फादरांचं बोलणं संपत आलं, तशी त्या बाईंनी आप्पांना कोपर लावलं. "आता बोला, मास्तर. आता आमी पन बोलताव." आणि आप्पा पुन्हा बोलले. हळू, पण बोलले.

मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! कम्युनियनची रांग लागली आणि आप्पा उठले. रुमालाने हात पुसले, सदरा नीट केला. मी त्यांची बाही धरली. "आप्पा, बसा. आपल्याला देत नाहीत."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाप्तिस्मा झालाय माझा," ते म्हणाले. एवढंच. आणि बसले. आईला पुरून आलो त्या दिवशी ते असेच बसले होते. मी मनात म्हटलं, संपलं सगळं, आणि चूक माझी आहे.

बाक रिकामा होत गेला. तो उठला. त्याची आई उठली नाही. बाकावरच्या बाकीच्या बाया तिला ओलांडून गेल्या, दोघींनी वळून पाहिलं. मुलगा परत आला आणि आईला बसलेली बघून जागीच थबकला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

बाहेर आल्यावर आप्पांनी चपला घातल्या आणि तिला सरळच विचारलं, "तुम्ही का नाही गेलात? तब्येत बरी नाही का?"

ती पदर सावरायला लागली. मुलगाच म्हणाला, "आप्पा, लहानपणापासून आईने एक रविवार चुकवलेला नाही. आमच्यात जागेवर बसून राहिलं ना, की लोक म्हणतात हिच्या पदरात मोठं पाप आहे. आता आठवडाभर आळीत तेच चालेल."

"चालू दे," ती म्हणाली. "पाव्हना माझे बाजूला बसलाय, त्याचे पुढ्यात ताट नाय, न मी उठून जेवाचा? मना नाय जमला, मास्तर."

रिक्षा गेल्या, फुगेवाला गेला, फादर दारात येऊन लोकांना भेटून आतही गेले.

मग आप्पांनी हात जोडले. आजवर कुठल्या रोमन माणसासमोर ते हात जुळले नव्हते.

"विहीणबाई," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी आमच्या देवळात या. आमच्याकडे सगळ्यांना देतात."