अर्विन हुडाकचा एप्रिल

अर्विन हुडाकच्या मते आमची बेसबॉलची टीम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मरते आणि पुढचे पाच महिने चालतो तो नुसता अंत्यविधी. हे मत तो दर वर्षी माझ्या काउंटरवर बसून, तोंडात अंडं आणि सॉसेज असताना जाहीर करतो. मी मार्लीन. लोरेनमध्ये, पाइपांच्या कारखान्याच्या जुन्या फाटकासमोर, आईनं सुरू केलेली नाश्त्याची जागा मी चालवते. कारखान्यातल्या भट्ट्या थंड पडल्या, माझी शेगडी अजून चालू आहे. आणि कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी सकाळी घरात पायात पायात यायला लागली, की बायका त्यांना माझ्याकडे पिटाळतात.

अर्विननं जन्मभर पाइप तपासले. आत दिवा धरायचा, डोळा लावायचा आणि भेग शोधायची. भेग सापडली की त्या दिवसाचं सार्थक. निवृत्त झाल्यावर पाइप उरले नाहीत, म्हणून गडी आता नुसती टीमच तपासत बसतो.

"पहिल्या बेसवरचा तो नवा पाहिलास?" तो मला विचारतो. मी कशाला पाहते! पण तो थांबत नाही. "धावतो की पाठीवर फ्रीज घेऊन जिना चढतो? आणि तो शॉर्टस्टॉप. दिवसभर च्युइंगम चघळतोय. ज्याचं तोंड मिटत नाही त्याच्या हातमोज्यात चेंडू राहील का? आणि मॅनेजर! वरून बर्फ पडतंय आणि हा काळा चष्मा लावून बसलाय. मार्लीन, लिहून ठेव. यंदा शंभर मॅचेस हरणार."

मग शेजारच्या स्टुलावरून नेस्टर किन्योनेस म्हणतो, "अरे बाबा, अजून एप्रिलच आहे."

नेस्टर कारखान्यात क्रेन चालवायचा. लहानपणी पोर्तो रिकोहून बापाचं बोट धरून इथल्या थंडीत आला, आणि तेव्हापासून त्याचा या टीमवर जो जीव जडला तो जडलाच. दर एप्रिलला तो नवी टोपी घेतो. "हीच ती टोपी," म्हणतो, "हीच घालून मी यंदा मिरवणुकीत नाचणार." टीमनं शेवटचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हा हे दोघं जन्मायचे होते. तरी एकजण दर वर्षी आशा लावून बसतो आणि दुसरा तिरडी बांधायला घेतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. मला तर वाटायचं, टीम जिंकली काय नि हरली काय, यांना भांडायला निमित्त पुरे.

यंदाचा एप्रिल अर्विनच्या मनासारखा सुरू झाला. टीम पहिल्या सहाही मॅचेस हरली. सहावी तर अशी, की शेवटच्या इनिंगला दोन धावांनी पुढे असताना चेंडू टाकणाऱ्या आमच्या पिचरनं तीन जणांना फुकटात बेसवर सोडलं आणि पुढच्यानं चेंडू थेट मैदानाबाहेर मारला. दुसऱ्या दिवशी अर्विन येईल तो गावजेवण घातल्यासारखा खुशीत येईल, अशी माझी खात्री होती.

तो आला, पण बरोबर त्याची बायको रोझेला होती. रोझेला माझ्याकडे नाश्त्याला कधी येत नाही. त्यातच अर्विनच्या स्टुलावर कुणी परगावचा ट्रकवाला बसला होता, म्हणून दोघं टोकाच्या स्टुलांवर, केक-पाय ठेवायच्या काचेच्या कपाटापाशी बसले. अर्विननं नेहमीची मागणी करायला तोंड उघडलं, तोच रोझेला म्हणाली, "ह्याला ओट्सची लापशी दे. मनुका घालून. आणि मीठ नको."

अर्विननं वाडग्याकडे भेग पडलेल्या पाइपाकडे पाहावं तसं पाहिलं. एक चमचा खाल्ला. म्हणाला, "यंदा गेलं. शंभर हरणार." आवाजात नेहमीचा जोर नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. टीमच्या दुःखानं असेल, असं मी समजले.

त्या रात्री टीम अकरा-दोननं जिंकली.

सकाळी नेस्टर माझ्याही आधी दारात उभा. अर्विन आला आणि आपल्या स्टुलाकडे निघाला, तर नेस्टरनं त्याची बाही धरली. "तिकडे नाही. टोकाला. आणि मार्लीन, ओट्स. मनुकांसकट."

"मी तो चिखल खाणार नाही," अर्विन म्हणाला.

"खाशील. काल खाल्लंस आणि आपण जिंकलो. आणि ते वाक्य म्हण."

"कुठलं?"

"शंभर हरणारवालं."

बेसबॉलवाल्यांचा हा धर्मच आहे, त्यात नेस्टरचा काही दोष नाही. जिंकणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही. खेळाडू जिंकत असले की मोजे धूत नाहीत. मग आमच्या म्हाताऱ्यांनी लापशी का बदलावी? अर्विननं नाक मुरडत वाडगा संपवला आणि वाक्य म्हटलं. त्या रात्री टीम पुन्हा जिंकली. आणि पुन्हा. आणि पुन्हा.

मग जे झालं ते मी माझ्या काउंटरवर कधी पाहिलं नव्हतं. सकाळी लोक अर्विनसाठी यायला लागले. ज्या माणसाचं बोलणं ऐकून चाळीस वर्षं लोक कॉफीचा कप उचलून लांबच्या टेबलावर गेले, त्याच्याभोवती आता पोस्टमन, टायरवाला, चर्चचा घंटा वाजवणारा असे सगळे श्वास रोखून उभे. अर्विन शेवटचा चमचा गिळायचा, रुमालानं ओठ टिपायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "शंभर हरणार." लगेच टाळ्या. उभ्या जन्मात त्याचं एकही भाकीत कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं. आणि घेतलं तेही ते खोटं ठरावं म्हणून!

गंमत अशी, की त्याला ते आवडायला लागलं होतं. पहिल्या बेसवरच्या फ्रीजवाल्यानं एका रात्रीत दोन होम रन मारले, तर दुसऱ्या दिवशी अर्विन हळूच मला म्हणाला, "पोरगा तसा जड आहे, पण मनगट चांगलं आहे हो." मग दचकून आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. चांगलं बोलायची त्याला बंदी होती.

एका सकाळी, अर्विन येऊन गेल्यावर, रोझेला एकटी आली. कोट न काढताच बसली. नेस्टर तिथंच होता, आपल्या दूध-साखरेच्या कॉफीत पाव बुडवत.

"टीम हरणार कधी?" तिनं विचारलं.

नेस्टरच्या हातातला पाव कॉफीत पडला. "असं अभद्र बोलू नये, रोझेला."

"मी रोज रात्री माळ ओढते की हे लोक हरू देत," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मी गल्ल्यापाशी होते, ती कॉफीचं भांडं हातात तसंच घेऊन तिच्याकडे आले.

मग सगळं बाहेर आलं. अर्विनच्या हृदयाची झडप गेली होती. त्यानं पहिल्यांदा लापशी खाल्ली, त्या सकाळी दोघं डॉक्टरकडूनच आले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, ऑपरेशन लगेच करा, महिनाभर थांबलात तर उशीर होईल. पहिली जीत झाली त्या रात्री अर्विननं बायकोला शब्द दिला, "टीम पुन्हा हरली की दुसऱ्या दिवशी दाखल होतो."

"मी हसले गं," रोझेला म्हणाली. "मला वाटलं, आमची टीम, उद्याच हरेल. मीही हो म्हटलं. आणि आता ही मेली मंडळी हरायचं नावच घेत नाहीत! एकदा तारीख घेतली होती, तर ह्यानं फोन करून रद्द केली. काल चर्चच्या पायऱ्यांवर दोनदा थांबला. बुटाची नाडी बांधतोय म्हणाला. त्याच्या बुटांना नाडी नाही."

"टीमसाठी जीव देणार का हा गाढव?" मी म्हटलं.

"टीमसाठी कुठलं! त्याचे वडील याच वयात त्याच हॉस्पिटलात चालत गेले आणि परत आले नाहीत. तो घाबरलाय, मार्लीन. घाबरलोय म्हणायची लाज वाटते, म्हणून टीम पुढे केलीय."

नेस्टर कॉफीत विरघळलेला पाव चमच्यानं ढवळत राहिला.

दुसऱ्या दिवशी मंडळी पांगल्यावर त्यानं अर्विनला गाठलं. "दाखल हो."

"रोझेलानं सांगितलं वाटतं. हरली की होतो."

"मूर्खासारखं करू नकोस."

"मी मूर्ख? टोपी कोण घेतं दर वर्षी? चाळीस वर्षं तू माझं डोकं खाल्लंस, आशा धर, आशा धर म्हणून. आता धरली तर सोड म्हणतोस?" इतकं बोलून अर्विनला दम लागला. त्यानं काचेच्या कपाटाला हात टेकला. ओठांवर निळसर झाक आली होती. मी पाणी दिलं. ते पिऊन तो म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. हरली की जाईन." आणि एकेक पाऊल मोजल्यासारखा दाराकडे गेला.

मला वाटलं, नेस्टर पाद्र्याकडे जाईल, नाहीतर अर्विनच्या मुलीला शिकागोला फोन करील. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण हा शहाणा माणूस नव्हे, बेसबॉलवाला.

सकाळी मी दार उघडलं तसा तो आत आला. डोक्यावर नवी टोपी नव्हती. टोकाच्या स्टुलावर, अर्विनच्या जागेवर, जाऊन बसला आणि म्हणाला, "ओट्स. मनुका घालून."

"नेस्टर, लोक मारतील तुला."

"दे."

मंडळी जमत गेली आणि दारातच थिजत गेली. टायरवाल्यानं तर छातीवर क्रॉस काढला. नेस्टर मान खाली घालून खात होता. दारावरची घंटी वाजली, अर्विन आत आला, आणि त्याला आपल्या स्टुलावर नेस्टर दिसला.

"ऊठ," अर्विन म्हणाला.

नेस्टरनं शेवटचा चमचा गिळला. रुमालानं ओठ टिपले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यंदा आपणच जिंकणार. शेवटची मॅचसुद्धा. अजिंक्यपद आपलंच."

कुणाच्या घरात बारशाला कुणी स्मशानाची वाट विचारावी, तशी शांतता पसरली. चालू विजयाच्या मध्ये असलं काही मोठ्यानं म्हणणं म्हणजे आपल्या हातानं नाट लावणं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोस्टमन म्हणाला, "अरे, काय केलंस रे हे!" अर्विन वळला आणि निघून गेला.

त्या रात्री टीम नऊ-शून्यनं हरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं माझं मत. पण माझं मत विचारतो कोण?

अर्विननं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोझेलानं त्याला हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन लांबलं, पण नीट पार पडलं. डॉक्टर तिला म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर आम्ही हात टेकले असते. हे मी काउंटरवर सगळ्यांना ऐकवलं. ऐकून सगळ्यांना बरं वाटलं, आणि तरी सगळे नेस्टरवर चिडलेलेच राहिले.

कारण टीम हरतच राहिली. फ्रीजवाल्याचं मनगट दुखावलं. पिचरचा हात लोंबला. मे संपला तेव्हा आम्ही तळाशी होतो. पोस्टमन नेस्टरला सुप्रभात म्हणेना. टायरवाला त्याच्याकडे पाठ करून बसायला लागला. मला राग आवरेना. "नेस्टर," मी म्हटलं, "तू लापशी खाल्ल्यानं कुठल्या परक्या माणसाचं मनगट दुखत नाही. एवढी अक्कल तुला आहे ना?"

त्यानं कप बाजूला सारला. "मार्लीन, ही टीम खरी होती गं," तो म्हणाला. "आयुष्यभर वाट पाहिली, आणि ही खरी होती. स्टुलावर बसताना मला माहीत होतं, काय जाणार ते."

माझ्या लेखी तो वेडेपणा होता. पण त्याच्या लेखी त्यानं दारात आलेली लक्ष्मी स्वतःच्या हातानं परत पाठवली होती, मित्रासाठी. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच शेगडी घासायला घेतली.

अर्विन आला तो जून संपता संपता. अंगावरचे कपडे सैल झाले होते, पण ओठ लाल होते. मंडळी उभी राहिली. तो टोकाच्या स्टुलावरून पुढे गेला आणि आपल्या जुन्या जागी, नेस्टरच्या शेजारी बसला.

"ओट्स," तो मला म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता मरेपर्यंत हेच. हसू नकोस."

मी वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

"माझ्या स्टुलावर बसलास तू," अर्विन म्हणाला.

"बसलो."

"जाणूनबुजून."

"हो." नेस्टरचा आवाज खाली गेला. "यंदा गेलं, अर्विन. शंभर हरतील. मीच घालवलं."

अर्विननं वाडग्यातली एक मनुका चमच्यानं बाजूला केली. "उचलली जीभ लावली टाळ्याला," तो म्हणाला. "शंभर कशाला हरतील? फ्रीजवाल्याचं मनगट बरं होतंय. नवा पिचर डावखुरा आहे, चांगला आहे. घाई कसली आहे तुला?" त्यानं नेस्टरच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. "उद्या टोपी घालून ये. अजून एप्रिलच आहे."

कॅलेंडर माझ्या मागच्याच भिंतीवर होतं. मी अंगानं ते झाकून उभी राहिले.